गरोदर नातीच्या तळहातांना खाज सुटली तर



गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी अश्दोदहून एका मावशींचा फोन आला. मावशी ऐंशीला टेकलेल्या, मूळच्या ठाण्याच्या. त्यांच्या नातीचे पहिलेच बाळंतपण, चौतिसावा आठवडा चालू होता.

"अगं, पोरगी रात्र रात्र झोपत नाही. तळहात खाजवते, तळपाय खाजवते. काल तर केसांचा ब्रश घेऊन पाय घासत बसली होती. मी म्हटलं पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. दोन दिवस लावलं, पण काही उतार नाही. तू एवढी वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीस, तुला काही ठाऊक आहे का?"

मी मावशींना तीन गोष्टी विचारल्या. अंगावर गांधी उठल्या आहेत का? खाज रात्री वाढते का? बाळ नेहमीसारखे हलते आहे का? गांधी नव्हत्या, पुरळ नव्हते, होते ते फक्त नखांचे ओरखडे. खाज रात्रीच जास्त होती. बाळ मात्र चांगले हलत होते. मी म्हटले, "मावशी, आमसूल राहू द्या बाजूला. उद्या सकाळी उठल्याबरोबर तिला डॉक्टरकडे जाऊ दे आणि रक्त तपासून घेऊ दे. परवावर टाकू नका."

आता तुम्ही म्हणाल, आमची बाळंतपणे होऊन चाळीस-पन्नास वर्षे झाली, हा विषय आमच्यापुढे कशाला? माझे कारण साधे आहे. आपल्या घरात गरोदर मुलगी दुखले-खुपले की नर्सला सांगण्याआधी आजीला सांगते. आजी म्हणाली "असं होतंच" की ती गप्प बसते, आणि आजी म्हणाली "जा, दाखवून ये" की ती जाते. ह्या आजारात त्या एका वाक्याने फरक पडतो. दुसरे कारण थोडे नाजूक आहे, त्याच्याकडे पुढे येते.

पित्त कुठले?

मावशींनी "पित्त" म्हटले ते एका अर्थी बरोबर होते. आपल्या बोलण्यात हा एक शब्द तीन कामे करतो. आंबट ढेकर आल्या, छातीत जळजळले की आपण म्हणतो पित्त झाले. ते पोटातले आम्ल असते. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली की म्हणतो पित्त उठले. ती बहुतेक वेळा ॲलर्जी असते, आणि आमसुलाचा मान तिथला. तिसरे पित्त हे खरे पित्त. कोंबडी साफ करताना हिरवी पिशवी फुटली तर सगळे मटण कडू होते म्हणून आपल्या आया ती किती जपून काढायच्या, आठवते ना? ते पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर आतड्यात उतरते. त्याच्याने तूप-तेल पचते. हिब्रूत त्याला मारा म्हणतात, आणि कडू चवीलाही हाच शब्द लावतात.

ज्या आजाराविषयी आज लिहिते आहे तो ह्या तिसऱ्या पित्ताचा. डॉक्टर त्याला कोलेस्टेसिस म्हणतात. इथल्या दवाखान्यात "खोलेस्टाझिस" असे ऐकू येईल. आपण त्याला पित्त अडणे म्हणू.

होते ते असे. यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवतात. त्यांचे काम साबणासारखे, चरबी फोडून पाण्यात मिसळवायचे. ही आम्ले पेशीतून बाहेर पित्ताच्या बारीक नळ्यांत ढकलायला पेशींच्या भिंतीत सूक्ष्म पंप असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स रक्तात सर्वांत जास्त असतात, आणि त्यांच्यामुळे हे पंप मंदावतात. बहुतेक बायकांना ते जाणवतही नाही. पण काही जणींचे पंप जन्मापासूनच थोडे कमजोर असतात. एरवी त्यांचे सारे ठीक चालते, गरोदरपणाचा भार पडला की मात्र पित्त पुढे सरकत नाही. मोरी तुंबली की पाणी मागे घरात येते, तसे ते मागे रक्तात उतरते. यकृत सडलेले नसते, त्याला कीड लागलेली नसते, वाट तुंबलेली असते. म्हणूनच बाळंतपण झाले की बहुतेकींचे यकृत पूर्ववत होते.

खाज नेमकी रक्तातल्या कुठल्या द्रव्याने सुटते ह्यावर अजून संशोधन चालू आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढी की खाजेचा जोर आणि धोक्याचा जोर ह्यांचा मेळ बसत नाही. एखादी रात्रभर रडते आणि तिचा रिपोर्ट सौम्य येतो. दुसरी म्हणते "थोडंसं खाजतं हो", आणि तिच्या रक्तातला आकडा बघून डॉक्टर खुर्चीतून उठतात. खाज किती आहे हे तोंड बघून ठरवता येत नाही, रक्तच बघावे लागते.

आपल्या लोकांत जास्त का?

हा आजार सगळीकडे सारखा नाही. दक्षिण अमेरिकेत चिली आणि बोलिव्हियात तो पूर्वीपासून पुष्कळ दिसत आला आहे, युरोपात स्वीडन-फिनलंडकडे बराच दिसतो. इंग्लंडमध्ये सर्व गरोदर स्त्रियांत त्याचे प्रमाण हजारी ७ च्या आसपास आहे, पण तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत हजारी १२ ते १५, म्हणजे जवळपास दुप्पट. आपली मुलगी दिमोनात जन्मली असो की लोदमध्ये, तिचे रक्त आपल्या आजी-पणजींकडूनच आलेले आहे. डॉक्टर तिचे हिब्रू ऐकून तिला इथलीच समजतात. त्यात चूक काही नाही, पण "माझे आजी-आजोबा भारतातून आले" एवढे तिने सांगावे.

जुळे असेल, गर्भ प्रयोगशाळेत तयार करून ठेवलेला असेल, आधी पित्ताचे खडे झालेले असतील किंवा हेपॅटायटिस सी असेल, तर शक्यता वाढते. आई किंवा सख्ख्या बहिणीला झालेला असेल तर आणखी वाढते. हिवाळ्यात तो अधिक आढळतो असेही कित्येक ठिकाणी दिसले आहे.

ओळखायचे कसे

बहुधा अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर खाज सुरू होते. तळहात आणि तळपाय ही तिची आवडती जागा. मग हातपाय, पोट, पाठ, कुठेही. रात्री अंथरुणात अंग गरम झाले की ती वाढते. कातडीवर आजाराचे असे पुरळ नसते. जे दिसते ते खाजवल्याचे असते, ओरखडे, खपल्या, कधी रक्त. काही जणींची लघवी गडद होते, शौच फिकट किंवा चिकट होते, अन्नावरची वासना जाते. डोळे पिवळे होणे मात्र थोड्याच जणींत दिसते, आणि तेही खाज सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर. त्यामुळे "कावीळ कुठे आहे? मग लिव्हरचं कसं असेल?" हा युक्तिवाद इथे चालत नाही. डोळे पिवळे होण्याची वाट बघत बसू नये.

साधी खाजही गरोदरपणात पुष्कळ जणींना होते हे खरे. पोट ताणले जाते, कातडी कोरडी पडते, त्यात नेगेवची हवा. "बाळाला केस येताहेत म्हणून पोट खाजतं" असे आपल्याकडे म्हणतात ते अशाच खाजेविषयी. पोटावरच्या ताणाच्या रेघांमध्ये लाल पुरळ उठून खाज सुटणे हा एक वेगळा प्रकार, तो बाळाला त्रास देत नाही. घरात आणखी कुणालाही रात्री खाज असेल तर खरूज तपासावी. ह्यांतल्या कुणालाही मी घाबरवू इच्छित नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की पुरळ नसलेली, तळहात-तळपायांची, झोप उडवणारी खाज ही "साधी" असे घरी बसून ठरवू नये.

मावशींच्या नातीने खरे तर आठवडाभर आधी एका दवाखान्यात खाजेचा उल्लेख केला होता. तिला कातडी मऊ करायचे मलम मिळाले आणि ती घरी आली. मी त्या नर्सला दोष देणार नाही. मीही तरुणपणी अशी मलमे दिली आहेत. रांगेतल्या वीस जणींपैकी पंधरा जणी काही ना काही खाजवतच असतात. पण नातीने तळहात आणि रात्र हे दोन शब्द सांगितले नव्हते. ते सांगायला हवेत.

तपासणी रक्ताची असते. दोन गोष्टी बघतात, यकृताची नेहमीची एन्झाइम्स आणि पित्ताम्ले. पित्ताम्लांची तपासणी वेगळी मागावी लागते, नेहमीच्या रक्तात ती आपोआप होत नाही. हिब्रूत तिला "खुम्त्सोत मारा" म्हणतात, नातीबरोबर जाणाऱ्या आजीने हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. जेवणानंतर हा आकडा वाढतो, म्हणून रक्त उपाशीपोटी द्यायचे की कसे ते आधी विचारावे. रिपोर्ट यायला कधी काही दिवस लागतात. इंग्लंडमध्ये गरोदरपणात १९ पर्यंतचा आकडा ठीक मानतात, काही प्रयोगशाळा १० च्या वर गेला की खूण करतात. आणि एक गोष्ट कागदावर लिहून फ्रिजवर लावण्याजोगी आहे: पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज चालूच राहिली, तर एक-दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे. कित्येकींत खाज आधी येते आणि आकडा मागाहून चढतो.

नातीचा पहिला आकडा ४६ आला.

बाळाला काय होते?

आईला हा आजार छळतो, पण तिच्या जिवाला सहसा धोका नसतो. काळजी बाळाची असते. आईच्या रक्तातली पित्ताम्ले वारेतून बाळापर्यंत जातात. प्रसूती लवकर होऊ शकते, बाळ पोटातच शी करू शकते, आणि फार थोड्या बाळांचे हृदय पोटातच अचानक थांबते. हे लिहिताना माझाही हात जड होतो, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सुदैवाने आता नेमका धोका किती ते बरेच कळले आहे. २०१९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या पाच हजारांहून अधिक अशा गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करून छापली गेली. पित्ताम्लांचा सर्वांत वरचा आकडा ४० च्या आत राहिला तर मूल पोटात दगावण्याचे प्रमाण हजारी १ च्या थोडे वर होते, म्हणजे ज्यांना हा आजारच नाही अशा बायकांपेक्षा काही वेगळे नाही. ४० ते ९९ मध्ये ते हजारी ३ च्या जवळ होते. १०० किंवा त्याहून वर गेल्यावर मात्र ते शंभरात ३ च्या वर जाते, आणि हा धोका पस्तिसाव्या आठवड्यापासून वाढू लागतो. म्हणजे बहुतेक जणींना आपण पोटभर धीर देऊ शकतो. आणि थोड्या जणींच्या बाबतीत एक दिवसही हयगय करता येत नाही. कोण कुठल्या गटात ते खाजेवरून नव्हे, आकड्यावरून कळते. आकडा आठवड्यागणिक बदलतो, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा घेतात. "किती वेळा सुया टोचणार पोरीला" असे कृपा करून तिच्यासमोर म्हणू नका.

आणखी एक अवघड गोष्ट. पोटाला पट्टे लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, सोनोग्राफी करतात. ते चांगले निघाले म्हणजे बाळ त्या घटकेला चांगले आहे. पुढच्या आठवड्याची हमी त्यातून मिळत नाही, कारण इथे बाळ हळूहळू सुकत जात नाही. म्हणून आलेख कितीही छान आला तरी डॉक्टर प्रसूतीची तारीख अलीकडे आणतात, आणि घरच्यांना वाटते उगाच घाई करतात. उगाच नसते.

बाळाचे हलणे कमी झाले तर? मग ना फोन, ना सकाळची वाट. सरळ इस्पितळाच्या प्रसूतीच्या मियूनमध्ये जावे, रात्रीचे दोन वाजले असले तरी आणि शब्बाथ असला तरी. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे चमकणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, सारख्या उलट्या, हेही त्याच रांगेतले. ती दुसऱ्या आणि अधिक तातडीच्या आजारांची चिन्हे असू शकतात. जायला वाहन नसेल तर १०१.

औषध आणि घरचे उपाय

औषध म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. नाव लांबलचक आहे, त्यातला "अर्सो" म्हणजे लॅटिनमधले अस्वल, कारण हे आम्ल पहिल्यांदा अस्वलाच्या पित्तात सापडले. इथे ते उर्सोलित नावाने मिळते, भारतातून येणारे कुणी उडिलिव घेऊन येतात. आपल्यापैकी काही जणींच्या औषधाच्या डब्यात ते आधीच असेल. यकृतातल्या बारीक पित्तनळ्यांच्या एका दीर्घ आजारात, जो पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, हीच गोळी वर्षानुवर्षे घेतात. पण म्हणून आपल्या डब्यातली गोळी नातीला देऊ नका. तिचा डोस तिच्या वजनावर ठरतो.

ह्या गोळीकडून काय अपेक्षा करावी? इंग्लंड आणि वेल्समध्ये ६०५ गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली, तीही २०१९ सालीच छापून आली. निम्म्या जणींना ही गोळी दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. खाज थोडी कमी झाली, फार नाही. बाळांच्या एकूण परिणामांत दोन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. त्यानंतर जुन्या-नव्या चाचण्या एकत्र पाहून काहींनी म्हटले की मुदतीआधीच्या प्रसूती काही प्रमाणात कमी होत असाव्यात. म्हणून अमेरिकेतले तज्ज्ञ आजही ही गोळी पहिले औषध म्हणून देतात, इंग्लंडमधले हात राखून देतात. माझे मत विचाराल तर, डॉक्टरने दिली तर घ्यावी, आई-बाळाला तिचा उपद्रव सहसा नाही, पण "गोळी चालू आहे ना, मग झालं" असे समजून रक्ततपासणी चुकवू नये. खाज उतरली तरी सुद्धा नाही.

अंगाला थंडावा देणे हाच घरचा खरा उपाय. कोमट, गरम नव्हे, पाण्याने अंघोळ. झोपण्याआधी तळपाय थंड पाण्यात. सुती सैल कपडे. रात्री खोली थंड. कुपात होलिमच्या औषधांच्या दुकानात मेंथॉल घातलेले मलम मिळते, ते फ्रिजमध्ये ठेवून लावले की बरे वाटते. नखे बारीक कापावीत. झोप अजिबात लागत नसेल तर गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी डॉक्टर देतात. तिने आजार हटत नाही, पण डोळा लागतो, आणि नवव्या महिन्यात डोळा लागणे हीही मोठी गोष्ट आहे.

आमसुलाचे पाणी, खोबरेल तेल, ह्यांनी नुकसान नाही. फायदाही नाही, पण पाय चोळून देणाऱ्या आजीच्या हाताचा असतो, तो मी मोजत नाही. नुकसान आहे ते "लिव्हर साफ करणाऱ्या" काढ्यांत आणि भस्मांत. भारतातून आणलेल्या काही गोळ्यांत आणि भस्मांत शिसे सापडलेले आहे, आणि शिसे बाळाच्या मेंदूपर्यंत जाते. गावाकडे कावीळ उतरवून घ्यायचे, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे व्हायचे आणि सगळे म्हणायचे उतरली. त्या पिवळ्या पाण्याने आपल्यापैकी कितीजणींचे दवाखान्यात जायचे दिवस घालवले, ते आपल्यालाच माहीत.

खाण्यावरून पोरीला बोलू नये. नारळाच्या रसातली आमटी, तळलेली मासळी, मसाला, ह्यांनी हा आजार होत नाही आणि ते सोडल्याने जातही नाही. फक्त शौच चिकट, तेलकट होत असेल तर डॉक्टरांना सांगावे. पित्त आतड्यात कमी पोचले की के जीवनसत्त्व अंगी लागत नाही, आणि रक्त गोठायला ते हवे असते. गरज पडल्यास तिला ते वेगळे देतात.

शेवटचा आणि खरा उपाय प्रसूती हाच. वार बाहेर पडली की हार्मोन्स उतरतात आणि वाट मोकळी होते. केव्हा करायची हे आकड्यावर ठरते. इंग्लंडच्या नियमावलीत सौम्य आजारात चाळिसाव्या आठवड्यापर्यंत, मध्यम असेल तर ३८ ते ३९ आठवड्यांत, आकडा १०० च्या वर असेल तर ३५ ते ३६ आठवड्यांत असे आहे. अमेरिकेत १०० च्या वर असेल तर छत्तिसावा आठवडा भरल्यावर, त्याखाली ३६ ते ३९ मध्ये. इथले डॉक्टर आईचे वय, आधीची बाळंतपणे, बाळाचे वजन हे सारे बघून ठरवतात. केवळ ह्या आजारासाठी सिझेरियन लागत नाही, कळा आणून नेहमीसारखी प्रसूती होऊ शकते.

भारतवारी आठवून सांगावी

एक गोष्ट आपल्या समाजापुरती. लग्नासाठी, मालिद्यासाठी आपली मुले ठाण्याला, अलिबागेला जाऊन येतात. दूषित पाण्यातून होणारा हेपॅटायटिस ई तिकडे अजून आहे. एरवी तो काही आठवड्यांत बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकतो. त्यात खाजेच्या आधी ताप, मळमळ, अंगात त्राण नसणे आणि मग ठळक कावीळ येते. संसर्ग झाल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे मुलगी स्वतः प्रवास विसरलेली असते. आजीला मात्र कोण कधी कुठल्या लग्नाला गेले ते तारखेसकट पाठ असते. तेवढे डॉक्टरांना सांगावे.

मावशींचा दुसरा फोन

आता त्या नाजूक कारणाकडे येते. नातीचा दुसरा आकडा आठवड्याने १०४ आला. त्या रात्री मावशींचा पुन्हा फोन आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलल्या. मग म्हणाल्या, "मी तुला एक सांगते, हे माझ्या मुलीलाही माहीत नाही. अडुसष्ट साली, ठाण्यात, माझं पहिलं बाळंतपण. मलाही अशीच खाज सुटली होती. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे. नवव्यात एक दिवस बाळ हलायचं थांबलं. मुलगा होता. मग आम्ही कधी बोललोच नाही. पुढच्या दोन्ही वेळी खाज आली, पण मुलं सुखरूप झाली, म्हणून वाटलं, खाजेचा काही संबंध नव्हता."

ते ह्याच आजाराने झाले की नाही, आज कुणी सांगू शकणार नाही. तेव्हा कुणाचे रक्त कुणी तपासले नव्हते. पण खाज तिन्ही वेळा येणे हे ह्या आजाराच्या चालीशी जुळते. एकदा झाला की पुढच्या गरोदरपणात निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा होतो. मी त्यांना म्हटले, "मावशी, तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. सासूबाईंच्याही नाही. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आता हे नातीच्या डॉक्टरला कळू दे."

मावशींनी ते मुलीला सांगितले, मुलीने नातीला. मला वाटते आपल्यापैकी पुष्कळ घरांत असे एखादे मूल आहे ज्याचे नाव कधी घेतले गेले नाही. मी कुणाला जखम उघडायला सांगत नाही. पण ज्यांना गरोदरपणी अशी खाज झाली होती, नवव्या महिन्यात मूल गेले होते, किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी अंग खाजले होते, त्यांनी मुलींना आणि नातींना एवढी माहिती द्यावी. सगळे सांगणे जमत नसेल तर "मला खाज झाली होती, तू रक्त तपासून घे" इतके पुरे.

नातीला छत्तिसाव्या आठवड्यात दाखल करून घेतले. कळा आणल्या, दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम. दोन दिवस तिला काचेखाली ठेवले, थोडी कावीळ होती, जशी लवकर जन्मलेल्या बाळांना असते. चौथ्या दिवशी नातीची खाज गेली.

बाळंतपणानंतर काय? अंगावर पाजायला हरकत नाही. खाज बहुधा काही दिवसांत जाते. निदान चार आठवडे गेल्यावर यकृताचे रक्त पुन्हा तपासून ते पूर्ववत झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि हेच नेमके बाळाच्या धावपळीत राहून जाते. त्या वेळी बाळाला टिपात हलावला नेणारी आजी असेल तर तिने आठवण करावी. रिपोर्ट सुधारला नाही तर यकृताच्या डॉक्टरांकडे जावे, कारण मग मूळ आजार काही वेगळा असू शकतो. पुढे पाळणा लांबवायला ईस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर हा इतिहास आधी सांगावा, त्यांनी खाज परत येऊ शकते. आणि अशा स्त्रियांना पुढे पित्ताचे खडे होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मावशींचे पित्ताशय १९९४ मध्ये काढलेले आहे.

जाता जाता आपल्या वयाविषयी. म्हातारपणी कातडी कोरडी होऊन खाजते, त्याला तेल पुरते. पण पुरळ नसताना सहा-सहा आठवडे सगळे अंग खाजत असेल तर आपणही यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइडचे रक्त तपासून घ्यावे, आणि नवीन सुरू झालेल्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी.

मावशींची धाकटी बहीण अजून ठाण्यात आहे आणि तिच्या मुलीची मुलगी पाचव्या महिन्यात आहे. मावशींनी तिला फोन केला आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल रामले आणि बीरशेवाच्या वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात.